कामगाराचा श्वास



वसंतातल्या या प्रसन्न संध्याकाळी धुळीवर व्याख्यान द्यावे, हे काहींना अरसिकपणाचे वाटेल. परंतु ही धूळ आपल्याला वाटते तितकी परकी नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी मुळाक्षरे पाटीवर गिरवली. ती पाटीवरची पेन्सिल मध्य प्रदेशातील मंदसौर येथे दगड यंत्राने कापून तयार होत असे. तेथील कामगारांची पाहणी अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने केली व ती १९८५ साली प्रसिद्ध झाली. तपासलेल्या ५९३ कामगारांपैकी निम्म्याहून अधिक जणांना सिलिकोसिस झालेला आढळला. आपण अक्षरे शिकलो. पण त्या अक्षरांसाठी कोणाची तरी फुप्फुसे झिजली!

हा रोग होतो कसा? केसाची जाडी सुमारे ७० मायक्रॉन धरली, तर घातक कण चार-पाच मायक्रॉनांचे किंवा त्याहूनही बारीक असतात. जाड धूळ बहुतांशी नाकाघशातच अडते. डोळ्यांना न दिसणारी मात्र थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचते. तेथल्या रक्षक पेशी सिलिकेचा कण गिळतात, पण तो त्यांना पचत नाही. त्या मरतात, दाह होतो, आणि मऊ फुप्फुसात कठीण वण साठत जातात. क्षयरोगालाही मग दार उघडे सापडते. हे वण नाहीसे करणारे औषध नाही. इतकेच काय, काम सोडल्यावरही रोग पुढे सरकू शकतो.

यातून एक गोष्ट निघते, आणि तीच आज मला आपल्यापुढे ठेवायची आहे. जेथे रोग बरा होत नाही, तेथे रोग्याची वाट पाहत बसणे हा शहाणपणा नव्हे. तपासायचे ते आधी माणसाला नव्हे, त्याच्या भोवतीच्या हवेला.

इटलीतील वैद्य रामाझिनी याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. वैद्याने रोग्याला नेहमीच्या प्रश्नांबरोबर ‘तुझा धंदा कोणता?’ हेही विचारावे, असा त्याचा आग्रह होता. औद्योगिक आरोग्यरक्षणाचे शास्त्र हाच प्रश्न पुढे नेते : त्या धंद्याच्या जागी हवेत काय आहे, किती आहे, आणि माणूस ते किती तास श्वासात घेतो?

‘किती’ याचे उत्तर अंदाजाने देता येत नाही. उन्हाच्या कवडशात धूळ नाचताना दिसते, पण कवडसा काही तिचे वजन सांगत नाही. म्हणून कामगाराच्या कमरेला लहानसा पंप लावतात आणि नाकाजवळ, गळपट्टीशी, गाळणकागद बसवतात. जाड कण वाटेतच वेगळे काढले जातात. पाळी संपल्यावर कागदाचे वजन करून त्यातली सिलिका मोजतात. अमेरिकेने २०१६ साली घातलेली मर्यादा आठ तासांच्या सरासरीने घनमीटर हवेत ५० मायक्रोग्रॅम एवढी आहे. एका पाळीत माणूस सुमारे दहा घनमीटर हवा घेतो असे धरले, तर ही सिलिका अर्धा मिलिग्रॅम भरते. म्हणजे मिठाचे आठ-दहा बारीक कण! आपली नजर येथे काय कामाची?

शिवाय सारी धूळ सारखी नसते. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात स्फटिकी सिलिका फारच थोडी. ग्रॅनाइटात ती पाचव्या हिश्शाहून अधिक. वालुकाश्मात त्याहूनही कितीतरी जास्त. ढग सारखाच दिसतो, धोका मात्र निराळा. काळ्या पाषाणाची धूळ निर्दोष आहे, असा याचा अर्थ नव्हे. मोजल्यावाचून निर्णय देऊ नये, एवढाच अर्थ.

मोजून झाले, की उपाय. येथे क्रम महत्त्वाचा आहे. पहिला उपाय, घातक वस्तूच काढून टाकणे. ब्रिटनने १९४९ च्या नियमांनी ओतीव वस्तू वाळूच्या माऱ्याने साफ करण्यास बंदी केली. ओट्यासाठी वापरल्या जाणाऱ्या, सिलिकेने भरलेल्या कृत्रिम दगडावर ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून बंदी घातली. ते शक्य नसेल, तर यंत्र बंदिस्त करावे, पाण्याने धूळ जागीच दाबावी, उरलेली उगमापाशीच ओढून घ्यावी. आपल्याकडील १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या १४ व्या कलमातही, धूळ जेथे उठते त्याच्या शक्य तितक्या जवळ शोषकयंत्र बसवावे, असे सांगितले होते. मुखवटा सर्वांत शेवटी.

शेवटी का? कारण मुखवट्याने हवा सुधारत नाही. रक्षणाचा सारा भार कामगाराच्या माथी येतो. चेहऱ्यावर तो घट्ट बसला पाहिजे, वेळच्या वेळी बदलला पाहिजे, आणि उन्हाळ्यात आठ तास घामाघूम होऊन सोसला पाहिजे. आणि साधा रुमाल तर बारीक कणांना अडवतच नाही. रुमाल बांधायला सांगून मालकाचे कर्तव्य संपले, असे मानणे ही स्वतःची फसवणूक आहे. तिची किंमत मात्र दुसराच मोजतो.

आपण म्हणाल, आम्ही कारखानदार नाही, आमचा याच्याशी काय संबंध? संबंध आहे. आपल्या स्वयंपाकघराचा ग्रॅनाइटचा ओटा बसवताना कारागीर जिन्यात बसून दगड कोरडाच कापतो. आपण दार लावून घेतो, भांड्यांवर धूळ बसू नये म्हणून! त्या दिवसापुरते मालक आपणच असतो. पाणी सोडून कापण्यासाठीच बनवलेले यंत्र आणा, कापणे उघड्यावर करा, धूळ कोरड्या केरसुणीने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा, असे आपण ठरवतानाच सांगू शकतो. त्यासाठी थोडे अधिक पैसे पडले, तर ते द्यावेत. ते दान नव्हे; ओट्याच्या किमतीचाच तो एक भाग आहे, आणि आजवर तो कारागीर आपल्या श्वासाने भरत आला आहे.