माहितीचे पान वाचण्याची कला
(पालक-शिक्षक मेळाव्यातील व्याख्यान)



गोष्ट आणि माहिती यांचे वाचन एकाच रीतीने होत नाही. गोष्ट पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत क्रमाने वाचावी लागते; माहितीपर पुस्तकात मात्र हवे तेथून प्रवेश करता येतो. शीर्षक, उपशीर्षक, अनुक्रमणिका, ठळक अक्षरे, चित्राखालची ओळ, तक्ता, नकाशाची सूची आणि शेवटी दिलेले शब्दार्थ ही त्या प्रवेशाची दारे होत. पुष्कळ मुले धडा घडाघडा वाचतात, पण चौकट आणि तक्ता सोडून देतात. तो भाग धड्याचा नाही, अशीच त्यांची समजूत असते.

आपल्या समाजाला ही दृष्टी नवी नाही. जैन ज्ञानभांडारांतील अनेक हस्तलिखितांच्या अखेरीस पुष्पिका असते. ग्रंथाचे नाव, लेखनाचा संवत, स्थळ, लेखनिकाचे नाव असा तपशील तीत आढळतो. मूळ मजकुराबाहेरच्या या चार ओळींवरून अभ्यासक पोथीचा काळ आणि प्रवास ठरवतात. मजकुराभोवतीचा मजकूरही ज्ञानच असतो, हे आपल्या पूर्वजांनी जाणले होते.

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत या शिक्षणाला विशेष महत्त्व आहे. भामरागड-एटापल्लीकडील अनेक बालकांची मातृभाषा माडिया किंवा गोंडी असते. मराठी त्यांना शाळेत भेटते. अशा बालकाला लांब परिच्छेद अवघड जातो, पण चित्र आणि त्याखालची एक ओळ त्याला अर्थापर्यंत नेते. बालभारतीने इयत्ता तिसरीसाठी परिसर अभ्यासाची जिल्हावार पुस्तके काढली, तेव्हा स्वतःच्या जिल्ह्याचा नकाशा बालकांच्या हाती आला. ‘वर्धा आणि वैनगंगा मिळून कोणती नदी होते?’ या प्रश्नाचे उत्तर पाठ करवून घेण्यापेक्षा निळ्या रेषेवर बोट फिरवत प्राणहितेपर्यंत जाऊ द्यावे. ते उत्तर मूल विसरत नाही.

शिकवण्याची रीत सोपी आहे. प्रथम मजकूर झाकून फक्त शीर्षके आणि चित्रे दाखवावीत व ‘या पानावर काय असेल?’ असे विचारावे. नंतर पान उघडून अंदाज पडताळावा. दुसऱ्या दिवशी चित्राखालची ओळ झाकून ती मुलांकडून लिहून घ्यावी. तिसऱ्या दिवशी पाच प्रश्न द्यावेत आणि उत्तराबरोबर ते कोठे सापडले, हेही सांगायला लावावे. शेवटी मुलांनी मोहाच्या झाडावर स्वतःचे एक पान तयार करावे : शीर्षक, पान-फूल-फळ दाखवणारी नामनिर्देशित आकृती, फुले कधी वेचतात याचा तक्ता आणि अवघड शब्दांचे अर्थ. जो स्वतः चौकट आखतो, तो दुसऱ्याने आखलेली चौकट सोडत नाही.

हे सारे परीक्षेपुरते आहे काय? २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या फवारणीने विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या दुर्घटनेची कारणे अनेक होती. तरीही डब्यावरील त्रिकोणाचा लाल रंग म्हणजे सर्वाधिक विषारी, त्यानंतर पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा, हे घरातील शाळकरी मुलाला वाचता आले पाहिजे.

दुसरे उदाहरण धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाचे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात ‘वृक्ष’ या शब्दाच्या व्याख्येत बांबूचा समावेश होता. तो २०१७ मध्ये वगळण्यात आला. २००६ च्या वनहक्क कायद्याने मात्र बांबूला ‘गौण वनोपज’ मानले होते. मेंढा गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबूच्या वाहतूक परवान्यांचा अधिकार ग्रामसभेच्या हाती येण्यास एप्रिल २०११ उजाडला. या गावात अभ्यासगटाची प्रथा होती. एकत्र बसून विषय समजून घ्यायचा, चर्चा करायची आणि मग ग्रामसभेत सर्वसहमतीने ठरवायचे. बांबू हे झाड की गौण वनोपज, या वादाचे उत्तर वनहक्क कायद्याच्या दुसऱ्या कलमात, म्हणजे व्याख्यांच्या कलमात, छापलेले होते. धड्याखालचे शब्दार्थ आणि कायद्यातील व्याख्या ही एकाच कुळातील भावंडे आहेत. पहिले उघडण्याची सवय लागलेले मूल उद्या दुसरेही उघडेल.

म्हणून प्रत्येक पाठशाळेत आणि ग्रंथालयात गोष्टींच्या पुस्तकांशेजारी पक्षी, वनस्पती, आरोग्य आणि नकाशे यांची पुस्तके असावीत. आठवड्यातून एक तास केवळ त्यांच्यासाठी राखावा. घरी आजी-आजोबांनी औषधाचे वेष्टन, विजेचे देयक, एस.टी.चे वेळापत्रक नातवंडांच्या हाती द्यावे आणि प्रेमाने एवढेच विचारावे, ‘बाळा, हे कोठे लिहिले आहे, दाखव बरे!’ ज्ञानदानाचे पुण्य पुस्तक देण्याने लाभते. ते पुस्तक उघडायला शिकवल्याने पूर्णत्वास जाते.

जय जिनेंद्र!