पोराचा फोटो, मागची भिंत आणि गटाचं कर्ज

आमच्या बचत गटात कर्ज मागायची कारणं ठरलेली असतात. म्हैस, शिलाई मशीन, स्ट्रॉबेरीची रोपं, पोरीची फी. यंदा एक नवं कारण आलं, 'पोराच्या फोटोला पैसे हवेत.' पोरगा मॉडेल व्हायचं म्हणतो, आणि त्याला कुणीतरी सांगितलंय की पाचगणीत एखाद्या नव्या बंगल्यापुढे भारी फोटो काढून पोर्टफोलिओ कर, मग कामं चालून येतील.

आम्ही हसलो नाही. बाईकडे लोक न विचारता बघत आलेत. पोरगा स्वतःहून म्हणतोय मला बघा, तर त्यात वाईट काय? पण पैसा गटाचा आहे. म्हणून आम्ही या कामाची थोडी माहिती काढली, ती आज तुम्हाला सांगतो.

पहिलं म्हणजे, मागे इमारतच कशाला? पाचगणी इंग्रजांच्या काळात चेसन नावाच्या साहेबानं वसवली. तेव्हाचे बंगले दगडी भिंतींचे, उतरत्या छपरांचे, पुढे व्हरांडा, भोवती सिल्व्हर ओकची झाडं. दिसायला सुरेख, पण फोटोत गर्दी फार. खांब, कौलं, वेली, कठडे, सगळंच डोळ्यांत भरतं आणि माणूस हरवतो. नव्या बांधकामात कोरी काँक्रीटची भिंत, मोठी काच, एक लांब सरळ रेघ. माणसाचं अंग सगळं वळणांचं. सरळ रेघेपुढे ते उठून दिसतं, जसा एकरंगी लुगड्यावर काठ उठून दिसतो. फोटोवाला खाली बसून काढतो तेव्हा पोरगा उंच वाटतो. मात्र कॅमेरा वर कलला की मागची भिंतही मागे पडल्यासारखी दिसते.

उजेडाचंही तसंच. भरदुपारी ऊन डोक्यावर, तेव्हा डोळ्यांच्या खोबणीत अंधार साचतो. सकाळचं किंवा उतरतीचं तिरपं ऊन चांगलं. धुक्यात चेहरा मऊ दिसतो, पण धुकं दाट झालं की ज्या इमारतीसाठी एवढ्या लांब आलो तीच गायब!

आता रंगाचं बोलू, कारण आमचं खरं दुखणं तिथे आहे. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे. तिची इमारत चार्ल्स कोरिया यांनी रचली. भिंती काळ्या: खाली आपल्याकडचाच बेसॉल्ट, त्यावर कडप्पा, आणि सगळ्यात वर चकाकणारा ग्रॅनाइट, ज्यात आभाळ दिसतं. आपल्या जोत्याला लावतो तो दगड असा राजबिंडा दिसू शकतो. पण अशा भिंतीपुढे कॅमेरा गोंधळतो. समोर जे असेल ते मध्यम उजेडाचं करायची त्याची सवय. सगळं काळं दिसलं की तो उजेड वाढवतो. मग भिंत राखाडी होते आणि चेहरा पांढराफटक. पांढऱ्या भिंतीपुढे उलटं, पोरगा आहे त्याहून काळा येतो. जाणता फोटोवाला उजेड चेहऱ्यावरून मोजतो. मोबाईलवर काढत असाल तर पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवा, बराच फरक पडतो.

त्यानंतर कॉम्प्युटरवर गोरं करायचं काम चालतं, त्याला मात्र साफ नाही म्हणा. काम देणाऱ्याला माणूस हवा असतो तो फोटोतल्यासारखाच. फोटोत गोरा आणि दारात सावळा आला तर तो परत पाठवला जातो, आणि गोरं करायचे पैसे आपणच भरलेले असतात. मिलिंद सोमण आधी राष्ट्रीय पातळीवरचा पोहणारा होता, १९९५ च्या 'मेड इन इंडिया' गाण्यानं घराघरांत पोचला. ते अंग पाण्यात कमावलेलं होतं.

आता पैसे. सुरुवातीला एजन्सीला भारी फोटो लागतच नाहीत. साध्या भिंतीपुढे, साध्या कपड्यांत, चेहऱ्याला काही न लावता काढलेले फोटो पुरतात: समोरून, बाजूनं, कमरेपर्यंत, पूर्ण उभा. सोबत उंची आणि मापं. शाळेची भिंत चालते, मोबाईल चालतो. इमारतीपुढचे फोटो नंतरचे, जमलं तर. आणि चांगली एजन्सी काम मिळाल्यावर त्या पैशातून आपला हिस्सा घेते. 'नोंदणीचे आधी भरा, फोटो आमच्याच माणसाकडून काढा' असं कुणी म्हणालं की बायांनो, पिशवीचं तोंड आवळा.

पोर्टफोलिओ करायचाच ठरला तर कागद करा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात असं आहे की आपण पैसे देऊन आपला फोटो काढून घेतला, तर उलट करार नसेल तेव्हा त्याचा मालकीहक्क आपला. म्हणजे जपायचं ते उलट कराराला. फोटोवाल्यानं पुढे केलेल्या कागदावर 'सर्व हक्क आमचे' अशी ओळ आहे का, ते सही करण्याआधी वाचून घ्या. पोरगा अठराच्या आतला असेल तर त्याच्या सहीचा करार टिकत नाही, आईबापानं पुढे व्हायला हवं.

इमारतीचा फोटो काढला म्हणून ती रचणाऱ्याचा हक्क मोडत नाही, त्याच कायद्यात तशी सूट आहे. पण फाटकाच्या आत जायला मालकाची परवानगी लागते. पाचगणीतले बरेचसे नवे बंगले कुणाच्या तरी मालकीचे आहेत, पहारेकरी असतो. 'ओळख आहे, बघून घेऊ' म्हणणाऱ्याला मालकाचं पत्र दाखव म्हणावं. नाहीतर पोरगा नटूनथटून रस्त्यावर उभा आणि दिवसाची मजुरी मात्र लागलेली.

आमच्या गटानं एवढं ठरवलंय: आधी शाळेच्या भिंतीपुढचे फोटो पाठवायचे. कुणाकडून खरोखर बोलावणं आलं, तर बोलावणं आणि करार दोन्ही बैठकीत वाचून मग कर्ज. हप्ता आईनं भरायचा की पोरानं, यावर मात्र अजून वाद चालू आहे. निम्म्या जणी म्हणतात, पोरानं स्ट्रॉबेरीच्या तोडणीला यावं आणि स्वतः फेडावं. तुमच्या गटात काय ठरलं असतं, ते पत्रानं कळवा.