म्हातारपणीचे पाय

घरातली आजी जमिनीवरून उठताना हात टेकते, कण्हते आणि म्हणते, “वय झालं आता.” लगेच सून म्हणते, “आई, तुम्ही बसा, मी आणते पाणी.” या बोलण्यात माया आहे, पण आजीच्या पायांना ती बाधते. बसून बसून मांड्या गळतात, आणि एक दिवस रात्री परसाकडे जायलासुद्धा कुणाला तरी हाक मारावी लागते. आजीला दुखण्यापेक्षा ही लाचारीच जास्त बोचते.

मी काही डॉक्टर नव्हे. पण अमेरिकेतल्या बॉस्टन शहरी झालेला एक प्रयोग सांगण्याजोगा आहे. डॉ. मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९९४ साली प्रसिद्ध केला. वृद्धाश्रमातली शंभर माणसं घेतली होती. त्यांत ६३ बायका. सरासरी वय ८७! काहींना व्यायाम दिला, काहींना पौष्टिक पेय, काहींना दोन्ही आणि काहींना दोन्हींपैकी काहीच नाही. व्यायाम कमरेच्या आणि गुडघ्याच्या स्नायूंचा, आठवड्यातून तीन दिवस, दहा आठवडे. तोही लुटुपुटीचा नव्हे. जे वजन जेमतेम एकदाच उचलता येईल, त्याच्या ८० टक्के वजन त्यांना दिलं जाई, आणि ताकद वाढली की वजनही वाढवलं जाई. व्यायाम करणाऱ्यांच्या पायांची ताकद सरासरीनं दुपटीहून अधिक झाली. चालण्याचा वेग सुमारे १२ टक्क्यांनी वाढला. नुसतं पौष्टिक पेय घेणाऱ्यांची ताकद मात्र वाढली नाही. आजीला दूधतूप देऊन खाटेवर बसवून ठेवणाऱ्यांनी हे जरूर ऐकावं.

“बायका दिवसभर राबतातच की, त्यांना आणखी व्यायाम कशाला?” असं कुणी विचारील. राबण्यानं शीण येतो, हे खरं. पण भाकरी थापताना मांडीला काय काम? आणि रोजचं सवयीचं ओझं उचलून ताकद टिकली तरी वाढत नाही. जातं गेलं, नळ आला, हे चांगलंच झालं. ते कष्ट कुणी परत मागू नयेत.

यंत्राची गरज नाही. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. हात छातीशी धरून उठावं आणि पुन्हा बसावं. हे जमत नसेल तर सुरुवातीला हातांचा आधार घ्यावा. धपकन बसू नये; सावकाश बसण्यातच मांडीला खरं काम पडतं. श्वास कोंडू नये. आठदहा वेळा करून दम घ्यावा, मग पुन्हा करावं. एक दिवसाआड पुरे. सोपं वाटू लागलं की बसायला जरा ठेंगणं आसन घ्यावं. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा नुकतंच पडणं झालं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं.

शिक्षक मंडळींनी एवढं करावं. शाळेच्या ओसरीवर गावातल्या आज्यांना बोलवावं. अर्ध्या मिनिटात कोण किती वेळा उठतं-बसतं, ते पोरांकडून वहीत मांडून घ्यावं. दहा आठवड्यांनी पुन्हा मोजावं आणि दोन्ही आकडे आज्यांनाच वाचून दाखवावेत.