मुलींची शाळा वेगळी असावी काय?



मुलगी सातवी उत्तीर्ण झाली की आपल्या जालना जिल्ह्यातील पुष्कळ घरांत एकच प्रश्न निघतो. पुढची शाळा परगावी, तेथे मुले-मुली एकत्र. मग हिला पाठवावे की घरी बसवावे? या प्रश्नाचा आज आपण शांत चित्ताने विचार करू.

2011 च्या जनगणनेत या जिल्ह्यातील साक्षर पुरुषांचे प्रमाण शेकडा 80 च्या वर होते. स्त्रियांचे मात्र शेकडा 61 च्या आसपास. ऊसतोडीच्या हंगामात अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर या भागांतील कुटुंबे साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. मुलगी बरोबर गेली तर शाळा सुटते. मागे राहिली तर आईबापांना घोर लागतो, आणि त्या घोरावर कोवळ्या वयातील लग्न हाच उपाय मानला जातो. अशा मुलीला स्वतंत्र निवासी शाळा हा मोठाच आधार होय. 2004 साली केंद्र सरकारने सुरू केलेल्या कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयांत शेकडा 75 जागा अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग व अल्पसंख्य समाजांतील मुलींसाठी आहेत. जोतिराव व सावित्रीबाईंनी 1848 साली पुण्यात मुलींची वेगळी शाळा काढली, तीही बंद दार उघडण्यासाठीच. 1855 साली मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिणारी मुक्ता साळवे फुल्यांच्याच शाळेची विद्यार्थिनी होती.

परंतु वेगळेपणाचा अर्थ आपल्याइतका कोणाला ठाऊक आहे? वेगळा पाणवठा, वेगळी वस्ती, वर्गाबाहेरची वेगळी जागा! जे वेगळे, ते हलके ठरविले गेले. मुलींच्या शाळेत शिवणकाम आहे आणि विज्ञानाची प्रयोगशाळा नाही, असे झाले तर तोच अन्याय नव्या नावाने घरात येईल. महाप्रजापती गौतमीच्या आग्रहाने भिक्षुणी संघ स्थापन झाला, धम्मही तोच शिकविला गेला. तरी परंपरेने त्या संघावर आठ गुरुधर्म घातले आणि वृद्ध भिक्षुणीलाही नवख्या भिक्षूपुढे वाकावयास लावले. हा धडा विसरू नका.

वेगळ्या वर्गाने बुद्धी अधिक वाढते, असेही दिसत नाही. 21 देशांतील सुमारे 16 लाख विद्यार्थ्यांवरील 184 अभ्यासांचा एकत्रित पडताळा 2014 साली प्रसिद्ध झाला. त्यांतील काटेकोर अभ्यासांत दोन्ही पद्धतींतील फरक नगण्य आढळला. शिवाय मुलीला बरोबरीची मानण्याचे शिक्षण मुलालाही हवेच. ते त्याला वर्गात मिळाले नाही, तर पुढे घरात कोठून मिळणार?

म्हणून माझे सांगणे एवढेच. राहण्याची सोय वेगळी असावी, शिकणे शक्यतो एकत्र असावे. ऊसतोड कामगारांच्या मुलांमुलींसाठी राज्य सरकारने 2021 साली स्वतंत्र वसतिगृहांची योजना मंजूर केली, तिची चौकशी करा. मुलीचे नाव शाळेतून काढण्यापूर्वी चारजण मिळून मुख्याध्यापकांकडे जा. शिक्षिका, स्वच्छतागृह आणि एस.टी.चा मोफत पास यांविषयी लेखी अर्ज द्या. तरीही सोय झाली नाही, तर मुलींच्या शाळेत घाला. परंतु घरी बसवू नका.

बाबासाहेबांनी अमेरिकेत विद्यार्थी असतानाच वडिलांच्या एका स्नेह्याला लिहिले होते की, मुलांच्या शिक्षणाबरोबर मुलींचेही शिक्षण चालविले, तर आपली प्रगती पुष्कळ वेगाने होईल. ते पत्र आपल्याही नावाचे आहे असे समजा.

जयभीम!