'पे' म्हणजे पैसे देणे

आज इंग्रजीतला एकच शब्द घेऊ. शब्द आहे 'पे'. अक्षरे तीन: पी, ए, वाय. अर्थ, पैसे देणे.

मराठीत पुरुष म्हणतो, 'मी पैसे देतो.' बाई म्हणते, 'मी पैसे देते.' इंग्रजीत दोघांचेही एकच, 'आय पे.' तो देतो किंवा ती देते असे म्हणायचे, तर शेवटी एस लावावा: 'ही पेज', 'शी पेज'. काल दिले असतील, तर 'आय पेड'. भरलेल्या बिलावर शिक्का मारतात, तोच हा 'पेड'. त्यात वाय जातो नि आय येतो. पी, ए, आय, डी. इथे माझी दहावीची पोरेसुद्धा चुकायची!

बँकेचा चेक पाहा. नावाच्या ओळीआधी हाच शब्द छापलेला असतो. तो तुमचा बँकेला हुकूम आहे, 'माझ्या खात्यातून यांना पैसे दे.' तुमच्या सहीने तो पक्का होतो. मोबाइलवर सहीच्या जागी पिन असतो. चेक वटायला वेळ लागतो, मोबाइलवरचे पैसे मात्र क्षणात जातात.

आता आमच्या आळीतल्या एका बाईंची हकिकत. त्यांना विचारूनच सांगतो आहे. त्यांना शेळी विकायची होती. फोनवर एक गिऱ्हाईक आले. म्हणाले, "सहा हजार पाठवतो. हा कोड स्कॅन करा, पिन टाका, की पैसे जमा." बाईंनी पिन टाकला. त्यांच्याच खात्यातून ६,००० रुपये गेले. शेळी अजून गोठ्यातच आहे.

पडद्यावर 'पे' लिहिलेले होते. मराठी त्या आपल्याच वर्गात वाचायला शिकल्या. हा शब्द मात्र मी तोवर शिकवला नव्हता.

पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन मागितला, की समजा, आपण देतो आहोत. बाईंनी लाजेपायी दोन दिवस घरातही सांगितले नाही. तसे करू नका. लगेच १९३० या नंबरवर फोन करा. पैसे समोरच्या खात्यात शिल्लक असले, तर अडवता येतात. उशीर झाला, की तो ते काढून घेतो.

बरे, आता आपापले फोन काढा. हा शब्द कुठे कुठे दिसतो, ते दाखवा. बाई पुढेच बसल्या आहेत. पहिली पाळी त्यांची.