अर्ध्या एकराचा हिशोब

रिटायर झाल्यावर थोडी जागा घेऊन द्राक्षं लावावीत का, असं गेल्या महिन्यात तीन-चार श्रोत्यांनी विचारलं. आम्ही दोघांनी इथे लोडायजवळ अर्धा एकर झिनफंडेल लावली त्याला आता सात वर्षं झाली. तेव्हा या विषयावर थोडं बोलायला हरकत नाही.

आधी वयाचा हिशोब करा. वेल लावल्यावर तिसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी थोडी फळं हाती लागतात, पूर्ण माल यायला चौथं-पाचवं वर्ष उजाडतं. वाइन करायची तर ती मुरायला आणखी वर्षभर. म्हणजे बासष्टाव्या वर्षी लावलेल्या वेलींची पहिली बाटली साधारण सहासष्टाव्या वर्षी उघडते. वाट बघायची सवय आपल्याला ग्रीन कार्डाने लावलेली आहेच म्हणा.

मग किती लावायचं? दोन ओळींत 8 फूट आणि दोन वेलींत 6 फूट धरले, तर एकरात सुमारे 900 वेली बसतात, अर्ध्या एकरात 450. वेलीला तीन किलो माल आला तरी तेरा-साडेतेराशे किलो द्राक्षं होतात. आता कायदा बघा. घरात दोन प्रौढ माणसं असतील तर घरच्यासाठी वर्षाला 200 गॅलन वाइन करता येते, म्हणजे साधारण हजार बाटल्या. तेवढ्याला अर्ध्या एकराचा माल पुरून उरतो. ही वाइन विकता मात्र येत नाही. विकायची असेल तर फेडरल परवाना वेगळा, राज्याचा वेगळा, आणि मग ती रिटायरमेंट राहत नाही. द्राक्षं विकता येतात, पण 2024 मध्ये कॅलिफोर्नियात कितीतरी बागांतला माल गिऱ्हाईक नाही म्हणून वेलीवरच राहिला. द्राक्षं विकून जमिनीचा हप्ता फेडू, हे गणित कृपया मांडू नका.

गावाकडे बाग असलेल्यांना वाटतं की आपल्याला यातलं सगळं येतं. माझे नाशिकचे दीर पहिल्या वर्षी फोनवर विचारत होते, "वहिनी, गोडी छाटणी झाली का?" तिकडे एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला गोडी छाटणी, कारण तिथे वेल थंडीत झोपत नाही. इथे ती पानं टाकून झोपते, आणि छाटणी एकदाच, जानेवारी-फेब्रुवारीत. भुरी मात्र दोन्हीकडे तीच. वसंत ऋतूपासून दर दहा-बारा दिवसांनी गंधक मारावं लागतं, आणि फार कडक उन्हात मारलं तर पानं भाजतात. आणखी एक, भारतातून आवडत्या जातीची काडी बॅगेत घालून आणायचा विचारही करू नका, कायद्याने बंदी आहे. रोपं इथल्या नर्सरीतून रोगमुक्त असल्याचा दाखला असलेली, कलमी घ्या. गंमत अशी की नाशिक-सांगलीकडे ज्या डॉगरिज खुंटावर कलमं बांधतात, तो मूळचा टेक्ससचा.

आता खरा मुद्दा. बाग हे बहुतेक घरांत एकाचं स्वप्न असतं आणि दुसरा "बरं" म्हणतो. आमच्याकडे स्वप्न ह्यांचं होतं. चौथ्या वर्षी जानेवारीत ह्यांचा गुडघा बदलला आणि सगळी छाटणी माझ्यावर आली. एका वेलीला पाच मिनिटं, असे साडेचारशे वेलींचे साडेसदतीस तास. तेही वाकून, कारण झिनफंडेल आम्ही मांडवावर नाही, झुडपासारखी वाढवली आहे. दिवसाला दीड तास करत मी मार्चमध्ये संपवली. छाटणी उशिरा झाली की डोळेही उशिरा फुटतात, त्यामुळे उलट त्या वर्षीच्या वसंतातल्या दहिवरातून बाग वाचली. पण प्रत्येक काडी दोन डोळ्यांवर कशी कापायची हे पहिल्या वर्षापासून माझ्या हाताला येत होतं म्हणूनच ते जमलं. तेव्हा जमीन बघायला जाण्याआधी दोघांनी एखाद्या ओळखीच्या बागेत फेब्रुवारीतला एक अख्खा दिवस छाटणी करून बघा. संध्याकाळी कुणाची कंबर काय म्हणते ते ऐका आणि मगच पुढचं ठरवा. "बरं" म्हणणाऱ्याला त्या संध्याकाळी "नको" म्हणायचं असेल तर म्हणू द्या.

वाइन बंद गॅरेजमध्ये आंबवणार असाल तर दार उघडं ठेवा. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड जमिनीलगत साठतो आणि जिवावर बेतू शकतो. हे हसण्यावारी नेऊ नका.

आणि मुलांना विचारा. लोडायमध्ये 1886 साली लावलेल्या वेली अजून फळ देतात, म्हणजे वेल आपल्यापेक्षा जास्त जगू शकते. आमचा मुलगा थँक्सगिव्हिंगला येतो, तेव्हा बागेत काहीच काम नसतं, आणि त्याला बाग फार आवडते. यंदा त्याला फेब्रुवारीची तिकिटं काढून दिली आहेत. येतो का बघू.

तुमचे प्रश्न नेहमीसारखे कळवा. नमस्कार.