मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने मुलाकडे जावे



बालककेंद्री शिक्षणाचा विषय निघाला की रूसो, फ्रोबेल, माँटेसरी ही नावे ओघाने येतात. त्यांचे ऋण मान्य करण्यात कमीपणा नाही. १७६२ मध्ये रूसोने ‘एमिल’ लिहून मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे, हे युरोपला सुनावले. १९०७ मध्ये मारिया माँटेसरी यांनी रोमच्या एका दरिद्री वस्तीत बालगृह उघडले. शिक्षा आणि आमिष यांच्यावाचूनही मूल तन्मय होऊन शिकते, हे त्यांनी सिद्ध केले. मात्र त्याच रूसोने स्वतःची पाचही अपत्ये अनाथगृहात धाडली होती. विचारातील बालक आणि घरातील बालक यांची फारकत किती सहज होते, याचे हे उदाहरण होय.

भारतीय चिंतनाने ही फारकत मान्य केली नाही. पूर्णत्व माणसात मूलतःच आहे, शिक्षणाने ते केवळ प्रकट होते, ही स्वामी विवेकानंदांची धारणा होती. शिक्षक हा साहाय्यक आणि मार्गदर्शक, हुकूम सोडणारा नव्हे, असे श्रीअरविंदांनी प्रतिपादिले. १९६५ मध्ये मुंबईतील व्याख्यानांत पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी मांडलेल्या एकात्म मानवदर्शनात मनुष्य हा शरीर, मन, बुद्धी आणि आत्मा यांचा समुच्चय आहे. व्यक्ती श्रेष्ठ की समाज, हा झगडाच तेथे उरत नाही. मूल केंद्रस्थानी असते. पण ते एकटे नसते. कुटुंब, समाज आणि सृष्टी यांची वर्तुळे त्याच्याभोवती असतात.

हे तत्त्वज्ञान आचरणात कसे उतरते? भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत वकिली सोडून आलेल्या गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. तेथेच ताराबाई मोडक घडल्या. नगरांतील सुखवस्तू मुलांपुरते हे शिक्षण राहिले, तर ते अपुरे आहे, ही जाणीव त्यांना स्वस्थ बसू देईना. १९४५ मध्ये त्यांनी ठाणे जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या पालघरमधील, बोर्डी गाव गाठले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. वंचित वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेण्यात आली. तीच अंगणवाडी! पुढे १९५७ मध्ये कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. वनवासी मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळा कुरणात भरू लागली. महागड्या साधनांची जागा शिंपले, गारगोट्या, बिया आणि पाने यांनी घेतली. माँटेसरींचे तत्त्व तेच राहिले, पण त्याला या मातीचा गंध आला. मूल का येत नाही, असा दोष मुलाला न देता शाळा कोठे चुकते, हे या दोघींनी शोधले.

आता प्रश्न आहे तो सुशिक्षित घरांचा. तीन वर्षांच्या बालकाच्या बोटांना पेन्सिल धरवत नाही, तोच त्याच्या वहीच्या ओळी मोजल्या जातात. घरात मराठी बोलणाऱ्या बाळाला परक्या भाषेत उत्तर देता आले नाही की आईचा चेहरा उतरतो. संस्काराचा आग्रह धरणारी घरेही याला अपवाद नाहीत. दरडावून म्हणवून घेतलेले स्तोत्र पाठ होते, पण अंगी लागत नाही. भीतीने आलेली शिस्त भीतीबरोबरच निघून जाते. संस्कार हा सहवासातून होतो. आजीच्या मांडीवर, देवघरातील समईजवळ, बाबांच्या हातात हात घालून चालताना.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानून खेळ, कृती आणि मातृभाषा यांना स्थान दिले. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या अभ्यासक्रम आराखड्यात तैत्तिरीय उपनिषदातील पंचकोशांची संकल्पनाही आली. हे स्वागतार्ह आहे. परंतु आराखडा कागदावर असतो आणि मूल घरात असते.

म्हणून प्रत्येक कुटुंबाने रोज अर्धा तास तरी मुलाच्या उंचीवर बसून त्याचे म्हणणे ऐकावे, मध्येच न थांबवता, चुका न काढता. कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीत शाळेत न जाणारे एक मूल शोधावे आणि त्याच्या अंगणापर्यंत जावे. ताराबाई आणि अनुताई यांना यापेक्षा वेगळे अभिवादन नको असेल. राष्ट्राची उभारणी मोठ्या सभांत होते, तितकीच ती अंगणात मांडलेल्या शिंपल्यांच्या खेळातही होत असते.